बंदरावरच्या दिवसाची तालीम

मावशीच्या घरमालकांचा फोन आला तेव्हा मी कोचीच्या किनाऱ्यावरचे बाक मोजत होतो. संगणकावर नकाशा आणि प्रवाशांनी काढलेले फोटो, आणि शेजारच्या वहीत एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंतचा पावलांचा अंदाज. "भैया, आंटीजी नहीं रहीं," ते म्हणाले. दूध दाराशी तसंच राहिलं म्हणून ते आत गेले होते. मावशी झोपेतच गेली होती. मी फोन ठेवला आणि सातवा बाक वहीत लिहिला... हाताला अजून कळलं नव्हतं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

कुसुममावशी माझ्या आईची धाकटी बहीण. भुसावळची. काकांची रेल्वेच्या नोकरीत बदली झाली तेव्हा ती जयपूरला आली आणि इथलीच झाली. काका मालगाडीवर गार्ड होते. ते गेल्यावरही तिने दुर्गापुऱ्यातलं तळमजल्यावरचं भाड्याचं घर सोडलं नाही. मीही जयपुरातच, जगतपुऱ्यात राहतो, विमा कार्यालयात नोकरी करतो. दर रविवारी तिच्याकडे जायचो. गेल्या दिवाळीत फराळाचं ताट पुढे सरकवत ती म्हणाली, "दिन्या, मला एकदा जहाजाने जायचंय." मुंबईहून निघणाऱ्या एका जहाजाची माहिती मी काढली. तिसऱ्या दिवशी ते कोचीला लागतं. प्रवाशांनी सकाळी नऊला उतरायचं आणि चारच्या आत परत यायचं. जहाजावर काळजी नव्हती, तिथे सगळं हाताशी. प्रश्न होता तो त्या सात तासांचा. मावशीचं वय एकोणऐंशी. ती न बसता किती चालते, हे मोजल्याशिवाय बुकिंग करायचं नाही, असं मी ठरवलं. "मोज की," ती म्हणाली. "तालीम करू."

जयपुरात समुद्र नाही, म्हणून जलमहालासमोरची तलावाची पाळ निवडली. पहिल्या रविवारी दाट धुकं होतं. रिक्षातून उतरलो तेव्हा पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मग हळूहळू महाल दिसू लागला, आधी वरच्या घुमटांच्या छत्र्या, मग खिडक्या, खाली काहीच नाही... जणू तो पाण्याला न टेकता उभा होता. मावशी कठड्याला धरून बघत राहिली. "ते बघ आपलं जहाज," ती म्हणाली. "आपण उतरलो, ते थांबलंय." तेवढ्यात एक उंटवाला जवळ आला. "माताजी, ऊँट की सवारी?" मावशीने गंभीर चेहऱ्याने मान हलवली. "नहीं भैया, हमारा जहाज छूट जाएगा." त्याने पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वहीत डोकं घातलं. त्या दिवशी ती बसण्याआधी एकशे ऐंशी पावलं चालली.

पुढच्या रविवारी एकशे पन्नास. मी कोचीच्या योजनेतून तिथला राजवाडा बघणं काढून टाकलं. थंडीमुळे असेल, असं तिला म्हणालो. ती पाण्याकडे बघत शेंगदाणे खात होती, म्हणाली, "कोचीत थंडी नसते म्हणे." बाकावर बसलो की ती कोचीबद्दलच बोलायची, जणू कालच जाऊन आलेली. तिथे नारळाखाली सावली किती लांब पडते, चहा गोड असतो की नाही. ऐकता ऐकता मलाही खारा वारा लागल्यासारखा वाटे. धुक्यात महाल कधी जवळ येई, कधी लांब जाई... वेळ बघायचं माझं काम मी दोनदा विसरलो.

तिसऱ्या रविवारी ती एकशे दहा पावलांवर थांबली. कठड्याला टेकली आणि मग माझ्या खांद्याला धरून बाकापर्यंत आली. मी वही उघडली आणि एकशे तीस लिहिले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी खोटा आकडा लिहिलेला नाही. तो लिहिला.

"दाखव," ती म्हणाली. मी वही दिली. "एकशे दहा होती ती. मीही मोजते."

"तेवढा फरक चालतो, मावशी."

"तुला कधीपासून चालायला लागला?" तिने पेन मागितलं, आकडा खोडला, वर स्वतःच्या अक्षरात एकशे दहा लिहिले. मग तिने सांगितलं. हृदयाच्या डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. केव्हा? पहिल्या तालमीनंतर लगेच.

मला राग आला. "मग मला का नाचवलंस इतके दिवस? मतलब, जायचंच नव्हतं तर?"

"कोची बघायचंय असं मी कधी म्हटलं? मला निघायचं होतं." तिने पेनाला टोपण लावलं. "तुझे काका निघायचे. चाळीस वर्षं मी डबा भरून दारात उभी. गार्डाची बायको, आणि निघणारा नेहमी दुसरा. आता रविवारी तू येतोस, रिक्षा येते, मी कुलूप लावते..." मग माझी वही मला परत देत म्हणाली, "बुकिंग नको करूस. पण योजना अर्धवट ठेवायची नाही. वीस पावलं धर, मग एक बाक."

म्हणून मी बाक मोजत होतो. वीस पावलांवर एक बाक असलेलं कोची मला सापडत नव्हतं. रोज थोडं शोधायचो. पाळीवर जाणं थांबलं होतं; रविवारी घरी गेलो की ती विचारायची, "कुठवर आलास?"

दिवसकार्य झाल्यावर तिचं घर रिकामं करायला गेलो. घरातल्या तीन खुर्च्या भलत्याच ठिकाणी होत्या. एक पलंगापासून थोडी दूर, दुसरी स्वयंपाकघराच्या दाराशी, तिसरी मागच्या व्हरांड्यात पेरूच्या झाडाजवळ. मी पावलं टाकली. पलंगापासून पहिलीपर्यंत अकरा, तिथून दुसरीपर्यंत अकरा, पुढे नऊ. व्हरांड्यातल्या खुर्चीखाली बाहेर घालायच्या तिच्या चपला होत्या, आणि खुर्चीच्या पाठीवर पाण्याची बाटली दोरीने अडकवलेली.

घरमालक मागे उभे होते. "ये कुर्सियाँ रास्ते में क्यों रखी थीं? आंटीजी तो महीने भर से कहीं जाती नहीं थीं."

"जाती थीं," मी म्हटलं. "रोज."

मधली खुर्ची मी जगतपुऱ्याला आणली. आमच्या घरात ती दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये, अगदी वाटेत आहे. येता-जाता गुडघ्याला लागते. बायको दोनदा म्हणाली, हलवा ती. परवा भाजीची पिशवी घेऊन आली, त्या खुर्चीवर टेकली, आणि पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.