रक्तवाहिनीची निळी कड

सरांनी पेढे मागवले होते. बॉक्स मायक्रोस्कोपच्या शेजारी उघडा होता. मलाही एक पेढा मिळाला, पण माझ्या हाताला झायलीन, म्हणजे स्लाइड करताना लागणारं उग्र रसायन, लागलेलं होतं. मी पेढा कागदावर ठेवला आणि सगळ्यांचं बघून झाल्यावर स्लाइड बघायला बसले. स्लाइड मीच केल्या होत्या, त्यामुळे बघायचा हक्क आहे असं मी समजत होते.

तिसऱ्या स्लाइडला कळलं की काहीतरी बिघडलंय.

मी लातूरच्या एका मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये अटेंडंट होते. शाळा चौथीपर्यंत. भूकंपात किल्लारीकडचं आमचं घर पडलं, नवरा त्यात गेला. मी लातूरला आले आणि मिळालं ते काम धरलं. आधी बरण्या धुतल्या. पुढे टेक्निशियनची जागा रिकामी झाली ती भरलीच नाही, तेव्हा स्लाइड करायला लागले. मुद्दाम कोणी शिकवलं नाही, बघून बघून हात बसला. रिटायर होईपर्यंत कागदावर अटेंडंटच राहिले.

स्लाइड कशी करतात ते सांगते. अवयवाचा तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा. त्या वडीला ब्लॉक म्हणतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर ब्लॉकचे काप काढायचे, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा कितीतरी पातळ. काप कोमट पाण्यावर सोडायचा, काचेवर अलगद उचलायचा आणि रंगवायचा. हृदयासाठी आम्ही जो रंग वापरत होतो त्यात स्नायू लाल दिसतो आणि व्रण निळा. निळं जास्त म्हणजे हृदय जास्त खराब.

हे काम डॉक्टर वैशालीच्या थिसिसचं होतं. पोरगी रेणापूरची, वडील शाळामास्तर. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. ही त्याच क्लासमधून घासून निघालेली, एम.डी.पर्यंत पोचलेली. हुशार होती. एकच खोड, उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं असतं असं तिला वाटायचं.

तिचा विषय मी तिलाच विचारला होता. म्हणाली, "मावशी, हृदयाला इजा झाली की तिथं नवा स्नायू येत नाही. मेलेल्या जागी चिवट धागे भरतात. तोच व्रण."

"मग भरू द्या की. भोक तर बुजायलाच पाहिजे."

"बुजायला पाहिजे, पण थांबायलाही पाहिजे. प्रत्येक पेशीत जीन असतात. एक जाडजूड वही समजा. सगळ्या पेशींत वही तीच, पण कुठलं पान कधी उघडायचं आणि कधी मिटायचं हे ठरलेलं असतं. इजा झाली की धागे विणायचं पान उघडतं. काही हृदयांत ते मिटतच नाही. विणणं चालूच राहतं, आणि हृदय कडक होऊन बसतं."

"म्हंजे गवंड्याला भिंत बुजवायला लावलं, आन् पुरं म्हणायला कुणी आलंच न्हाई."

"हाव, तसंच!" ती हसली. "मी ते पान मिटवणारं औषध देऊन बघतेय."

उंदरांचे तीन गट होते. सगळ्यांच्या हृदयाला इंजेक्शनने इजा केलेली. पहिल्या गटाला औषध नाही. दुसऱ्याला इजेच्या दुसऱ्या दिवसापासून औषध. तिसऱ्याला महिनाभराने, व्रण पक्का झाल्यावर. पेढे आले होते ते या तिसऱ्या गटाच्या निकालाचे. त्याच्या स्लाइडवर निळं जवळपास नव्हतंच.

"कौसाबाई, पेढा खा," सर म्हणाले. सर म्हणजे तिचे गाइड आणि आमचे विभागप्रमुख. "पक्का झालेला व्रण पुसलाय आपल्या पोरीनं. नांदेडच्या कॉन्फरन्सला लोक उभं राहून ऐकतील."

सर केबिनमध्ये गेले. मी वैशालीला हाक मारली.

"मॅडम, हिकडं या. ही रक्तवाहिनी बगा. तिची कड कुठं गेली?"

हृदयातल्या रक्तवाहिनीभोवती निळी कड असते. व्रण असो वा नसो, निरोगी हृदयातसुद्धा ती असतेच. रंग नीट बसला की नाही हे मी नेहमी त्या कडेवरून ओळखायचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात कड धुतलेल्या लुगड्यासारखी फिकट होती.

तिने बराच वेळ डोळा लावला. "औषधानं झालं असेल."

"औषध व्रणाचं हाय. कडेनं काय घोडं मारलं त्याचं?"

"मावशी, तीन आठवड्यांत थिसिस जमा करायचाय. तुम्ही काय म्हणताय, कळतंय का? हे गेलं तर माझी टर्म जाईल."

मला कळत होतं. आणखी एक गोष्ट मला कळत होती जी तिला माहीत नव्हती. ती मी सांगून टाकली.

तिने बरण्या गटागटाने दिल्या होत्या. मीही तसंच रंगवत गेले. पहिला गट डिस्टिल्ड वॉटरमध्ये झाला. मग डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राची कॉइल जळाली. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. मी बोरच्या पाण्याचा ड्रम होता त्यातून फडक्याने गाळून पाणी घेतलं आणि उरलेले दोन्ही गट त्यात उरकले. कोणाला सांगितलं नाही. पाणी म्हणजे पाणी, असं वाटलं. आमचं बोरचं पाणी असं की त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. ते निळा रंगही धरू देत नाही हे मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घेता आलं असतं. चूक माझी होती.

 वैशालीने पेढ्याचा बॉक्स बंद करून बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणला. पहिल्या गटातला, म्हणजे औषध न दिलेला एकच ब्लॉक घेतला. त्याचे दोन काप काढले. एक कॅनच्या पाण्यात रंगवला, एक बोरच्या. दोन्ही तिच्यापुढे ठेवले. एकाच उंदराचं हृदय, एकात व्रण ठसठशीत निळा, दुसऱ्यात नुसती सावली. औषधाचा थेंब न देता बोरच्या पाण्याने व्रण पुसला होता.

"आता सरांना कोण सांगणार?" तिने विचारलं.

"थिसिस तुमचा हाय. पाण्याचं मी सांगते, बाकीचं तुम्ही."

सर ऐकून आधी माझ्यावरच आले. "टेक्निशियन नसताना स्लाइड करायला कोणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच, सर. चार वर्षं झाली."

मग ते वैशालीकडे वळले. "बाहेरचा परीक्षक कड बघत नाही. निळं किती, एवढंच बघतो."

तिचा आवाज बारीक होता, पण ती बोलली. "सर, मी बघितली ना आता. आणि उद्या हे औषध कोणी माणसाला दिलं तर?"

सरांनी दोन्ही स्लाइड स्वतः लावून बघितल्या. शेवटी म्हणाले, "किती दिवस लागतील, कौसाबाई?"

"बारा. मेणात तुकडा वर्षानुवर्षं टिकतो. नुसते नवे काप काढायचेत."

अकरा दिवस लागले. या वेळी प्रत्येक ट्रेमध्ये तिन्ही गटांच्या स्लाइड मिसळून लावल्या. पाणी एकाच कॅनचं. नंबरावर कागदी पट्टी चिकटवली, म्हणजे बघणाऱ्याला गट कळणार नाही. पट्टीची कल्पना वैशालीची. निळं मोजून झाल्यावरच पट्ट्या काढल्या.

दुसरा गट, ज्याला लगेच औषध दिलं होतं, त्यात निळं खरोखर कमी होतं. कड मात्र ठसठशीत होती. तिसरा गट औषध न दिलेल्यांइतकाच निळा. चमत्कार गेला.

त्याच आठवड्यात हैदराबादहून जीनचा रिपोर्ट आला. तुकडे तिकडे तपासायला पाठवले होते. रिपोर्टप्रमाणे औषधाने दोन्ही गटांत ते पान मिटलं होतं.

"मग तिसऱ्यात काहून फरक न्हाई?" मी विचारलं.

"पान मिटलं की पुढचं विणणं थांबतं, मावशी. आधी विणलेलं उसवत नाही." बोलता बोलता ती थांबली. मग वही ओढली आणि तेच वाक्य लिहून काढलं. थिसिसचा शेवट तिथून सुरू झाला.

नांदेडला लोक उभे राहिले नाहीत. बसून ऐकलं, दोन प्रश्न विचारले. तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकाने पहिलाच प्रश्न टाकला, रंगात फरक पडला नाही हे कशावरून? वैशालीने रक्तवाहिनीच्या कडेचे फोटो पुढे ठेवले. ती पास झाली. सरांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, "पेढे लवकर वाटले आपण." यंत्राची कॉइलही त्याच महिन्यात बदलून आली. तोवर तीन अर्ज पडून होते.

वैशाली आता नांदेडला असते, स्वतःची लॅब आहे. मी रिटायर झाल्यावर तिने तिथल्या पोरांना शिकवायला चार दिवस बोलावलं. मी दोनच दिवस राहिले. शिकवण्यासारखं तेवढंच होतं. तुलना करायच्या स्लाइड एकाच ट्रेमध्ये रंगवायच्या. व्रण बघायच्या आधी कड बघायची. आणि निकाल फारच चांगला आला, तर पाणी कुठलं होतं ते विचारायचं.