शकूच्या बाहुलीची पहिली पंचमी

हे मी कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, पोटच्या लेकीपाशी तर नाहीच. चिंध्यांची एक बाहुली — तिचं काय एवढं, असं स्वतःला म्हणत आले.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. आम्ही इस्लामपुरात राहत होतो. आमच्या आळीत खेळणी विकत आणायची रीत नव्हती. चिंचोके, करवंट्या, चिंध्या — एवढ्यावर पोरं दिवस काढायची. एकदा बाहुला-बाहुलीचं लग्न निघालं. बाहुला माझ्या लेकीचा, नंदाचा; बाहुली शेजारच्या शकूची. शकू सहा वर्षांची. आई गेली म्हणून बापानं तिला दुष्काळी माण तालुक्यातून आणून आत्याकडं ठेवलेली. बाहुली आईच्या लुगड्याची होती. मला ते ठाऊक होतं — नव्हतं असं कसं म्हणू?

लग्न लागलं की नवरी सासरी जाते. खेळातही तसंच. आम्ही बायकांनीच हौसेनं अक्षता टाकल्या, शकूला रडवलं आणि बाहुली आमच्या घरी आणली.

नागपंचमीच्या तोंडावर मी घर झाडायला काढलं. बाहुली उंदरांनी कुरतडलेली. मला पसारा खपत नाही — उचलली आणि बंबात घातली. लुगड्याचा काठ पेटताना दिसला. तेव्हा तरी हात पुढे करता आला नसता? नाही केला. नंदाला सांगितलं, माळ्यावर ठेवलीय.

इथवर सांगणं सोपं आहे. पुढचं जड जातं.

पंचमीला सासुरवाशिणीला न्यायला माहेरचा मुराळी येतो. सकाळीच शकू दारात — तेल चोपडून वेणी घातलेली, हातात फडक्यात बांधलेली पुरणाची दिंडं.

"काकू, मी मुराळी आलीया. माझ्या लेकीला न्यायला."

खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी कमरेवर हात ठेवले, सासूचा आवाज काढला. "आमच्यात पहिल्या पंचमीला पाठवत न्हाईत."

नंदा खळखळून हसली — तिला वाटलं, आई खेळतेय. शकू हसली नाही. तिला ते पटलं. सासरची माणसं अडवतात, हे तिनं आळीत ऐकलेलंच होतं. आणि म्हणूनच तर मी ते बोलले होते — पोर वाद घालणार नाही म्हणून.

तिनं पुरचुंडी माझ्या हातात दिली. "मग ही तिला खायाला द्या." निघाली, आणि वळली. "काकू, तिला मारत न्हाई न्हवं तुमी?"

"न्हाई," मी म्हणाले.

दिंडं अजून गरम होती. नंदानं आणि मी ती खाल्ली.