मोतीरामच्या काठीबद्दल खरं काय ते

आंबागडच्या माझ्या माणसांनो, आणि पोटासाठी भंडारा, तुमसर, नागपूरला पांगलेल्या दोस्तांनो,

आपली सगळ्यांची एक तक्रार आहे. आपल्या गावावर लिहिणारे किल्ल्यावर लिहितात, माणसांवर नाही. माणसांवर लिहिलंच, तर खोटं लिहितात.

आज पहाटे मोतीराम गेला.

गावाच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला: ‘पाटलाच्या पोराला काठीनं फोडणारा गेला.’

ते पोरगं मी.

काठी खरी आहे. बाकीचं खोटं आहे, आणि ते खोटं माझं आहे.

आणीबाणी उठून गेली होती. मी बावीस वर्षांचा, भंडाऱ्याला कॉलेजात. समतेवर भाषण ठोकून नुकतीच ढाल जिंकून आणलेली.

मोतीराम बौद्ध वस्तीतला. जंगलात करवत ओढायचा. रविवारी तो आणि त्याचे दोन सोबती सायकली खांद्यावर घेऊन किल्ल्याच्या टेकडीवर चढायचे आणि लाकडं ओढून पडलेल्या वाटेनं खाली सुटायचे.

कशासाठी? मजेसाठी.

राबणाऱ्या माणसाला मजेचा हक्क असतो हे मी पुस्तकांत वाचलं होतं. बघितलं तिथं.

ती वाट मोतीरामनं स्वतः कुदळीनं नीट केली होती. उड्या मारायला मुरमाचे उंचवटे घातले होते. एका वळणाखाली खडकांनी भरलेला ओढा, वीस हात खोल. कुणी नवखा आला की त्या वळणावर तो स्वतः बांबू घेऊन उभा राहायचा.

सायकलीचे ब्रेक त्या उतारावर काही कामाचे नव्हते. बैलबंडी घाट उतरताना मागं ओंडका बांधतात, तशी ही माणसं सायकलीमागं पळसाची फांदी ओढत न्यायची. दोराला गाठ नाही. सीटखालच्या दांडीला तीन वेढे, आणि टोक दातांत. फांदी कुठं अडकली की तोंड उघडायचं. दोर सुटतो, जीव वाचतो.

एका रविवारी मीही सायकल घेऊन त्यांच्यासोबत वर चढलो. “तोंड बंद ठेवजो, पाटील,” मोतीराम म्हणाला. “भाषन खाली गेल्यावर देजो.”

त्याचा सोबती म्हणाला, “ह्याले जमन काय रे? हा तं झोपेतही बोलत असन.”

मोतीराम वळणावर जाऊन उभा राहिला. मी सुटलो.

पहिल्या उंचवट्यावर सायकल हवेत गेली. खाली आदळली तेव्हा जीभ दातांखाली आली, तोंडात रक्त. दुसऱ्यावर पायडलनं नडगी सोलली. आणि मला असा आनंद झाला, असा आनंद, की मी ओरडलो. घोषणाच दिली.

दोर गेला. फांदी गेली.

पुढं वळण, आणि मला काही सुचत नव्हतं.

मोतीरामनं बघितलं. दोन्ही हातांनी बांबू फिरवला आणि माझ्या छातीवर घातला.

हासळीचं हाड मोडलं. दोन दात गेले. मी काट्यांत पडलो. सायकल एकटीच पुढं गेली आणि खडकांवर फुटली.

तो धावत आला. “जिता हायेस ना?”

मी मान हलवली. मग त्यानं एक थोबाडीत दिली. “म्हटलो होतो ना तोंड बंद ठेव म्हनून.”

आणि मला पाठीवर घेतलं. पळून जाऊ शकला असता. बांबू टेकत टेकडी उतरून, रक्तानं भरलेला मी पाठीवर, तो सरळ चावडीपुढं आला. तिथं माझे काका उभे होते.

“कोनं मारलं याले?”

“मीनंच काठी घातली, पाटील. नाही तं हा…”

वाक्य त्याला पुरं करू दिलं नाही.

तोच बांबू. काका आणि गडी. पाठ फोडली, बरगड्यांत लाथा घातल्या, मग त्याचा उजवा हात चावडीच्या दगडी पायरीवर ठेवला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

मोतीराम मारणाऱ्यांकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता.

“सांग ना रे,” म्हणाला. “सांग यायले.”

माझा जबडा शाबूत होता. बोलता येत होतं.

पण सांगितलं असतं, तर मी त्या वस्तीत जातो, त्यांच्या डब्यातली भाकर खातो, आणि आजची चूक माझीच, हे सगळं काकांसमोर, घरी वडिलांसमोर कबूल करावं लागलं असतं.

मी डोळे मिटले. लोकांना वाटलं, बेशुद्ध झाला.

तो हात पुन्हा करवतीला लागला नाही. मोतीराम उरलेलं आयुष्य दुसऱ्यांची गुरं राखत जगला. त्याची वाट जंगलानं खाल्ली.

मी मात्र वक्ता झालो. ऐंशीच्या दशकात आपल्याच गावात सभा झाली, मी न्यायावर बोललो, टाळ्या थांबेनात. गर्दी पांगल्यावर मोतीराम जवळ आला.

“बढिया बोलतेस,” म्हणाला. “एक गोष्ट सोडून सप्पा बोलतेस.”

डाव्या हातानं बिडी पेटवली आणि निघून गेला.

आज बोलतोय. ऐकायला तो नाही. माझ्या भित्रेपणाची किंमत मी भरतोय, असं कुणी म्हणू नका. किंमत त्यानं भरली.

मोतीरामभाऊ, माफी मागायचा हक्क मी केव्हाच घालवला. जय भीम.

उद्या सकाळी नऊ वाजता त्याला वस्तीतून नेणार आहेत. आमच्या पाटलांच्या आळीतून आजवर एकाही माणसानं त्या वस्तीतल्या तिरडीला हात लावलेला नाही. मी पुढं असेन. काकांच्या नातवंडांनो, तुम्ही हे वाचताय, मला माहीत आहे.

इथं खाली हात जोडलेली चित्रं टाकू नका. उद्या नऊच्या आत वस्तीत या आणि खांदा द्या.