कडी काढायच्या आधी

आमच्या घरी सकाळी दाराची कडी काढायच्या आधी प्रार्थना होई. दिवस कसा जाणार हे कळायच्या आतच त्याबद्दल प्रभूचे उपकार मानायचे, ही मायची रीत. अचलपूरजवळच्या आमच्या गावात लोकांच्या शेतात निंदण-खुरपण करून तिने मला पदवीपर्यंत शिकवलं. घरात पदवी घेणारा मी पहिलाच.

माझा मुलगा सातव्या महिन्यातच झाला. अमरावतीच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बायको वरच्या वॉर्डात, मी त्या पेट्यांच्या खोलीच्या बंद दाराबाहेर बाकावर. सकाळी ठरलेल्या वेळी सगळ्यांना आत सोडत. पण वेळेआधी दार उघडलं की वाईट बातमीची भीती वाटे. आदल्या दिवशी एका जोडप्याला असंच वेळेआधी बोलावलं होतं. ती दोघं रडतच बाहेर आली होती.

पहिल्या एसटीने माय आली. पिशवी खाली ठेवून ती त्या बंद दारासमोर उभी राहिली आणि मोठ्याने म्हणू लागली, "प्रभू, आजच्या दिवसाबद्दल तुहे उपकार. माह्या नातवाबद्दल उपकार."

मला ते ऐकवेना. "माय, कायचे उपकार मानून राहिली? आत काय झालं, तुले माईत तरी हाये का?"

"नाई माईत. म्हणूनच आता मानतो. दार उघडल्यावर सुचते का नाई सुचत, कोनाले ठाऊक?"

तेव्हा मला तिचे हात दिसले. पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं.

बाकावर नांदगाव खंडेश्वरची एक आजी बसली होती. तिची नातही आतच होती. ती म्हणाली, "ओ बाई, माह्या नातीचंबी सांगजा तुमच्या देवाले. आमच्यावाल्याले सांगून सांगून मी थकली."

"हात जोडा मंग. फुकटात नाई सांगत," माय म्हणाली.

तेवढ्यात दार उघडलं. वेळेआधी. नर्सने आमच्या पेटीचा नंबर पुकारला. मी बाकावरच बसून राहिलो. मायनेच विचारलं, "काय झालं, बाई?"

"आईचं दूध काढून आणा. आज नळीने थोडं देऊन बघू."

वाटी घेऊन मी जिना चढलो. खाली मायचा आवाज सुरूच होता. आता ती त्या आजीच्या नातीसाठी मागत होती.

मुलगा आता अकोल्यात शाळेत जातो. तरी रोज पहाटे मी आधी त्याच्या पोटावर हात ठेवून श्वास पाहतो. ती भीती गेलेली नाही. मग दाराशी जाऊन उपकार मानतो आणि नंतरच कडी काढतो.