सल्ला की सही

मिरजोळ्यात आमच्या आवाराच्या दगडी गडग्यापलीकडे एक निवृत्त भूभौतिकशास्त्रज्ञ राहतात. जमिनीच्या पोटात काय आहे, हे मंत्र्यांना सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कुणी काही विचारायला आलं की चष्मा कपाळावर सरकवून ते आधी एकच प्रश्न करतात, "सल्ला हवाय की सही?"

मंत्र्यांचं सगळं म्हणे आधीच ठरलेलं असायचं, धरण कुठे, रस्ता कुठे. यांनी फक्त सही करायची. यांनी नाही केली, तर दुसरा कुणीतरी करायचा. हे सांगताना ते अशा शिव्या घालायचे, की आमची ही आतून दार लोटून घ्यायची. मी मात्र मनापासून मान डोलवायचो.

यंदा बोअर मारायची ठरली, तेव्हा मी त्यांनाच विचारलं. दोन दिवस भर उन्हात त्यांनी आमचं आवार पालथं घातलं आणि म्हणाले, "स्वयंपाकघरामागे नुसता कातळ आहे. पाणी लागलं तर खाली, फणसाजवळ."

फणस लांब. मला बोअर मागच्या दाराशी हवी होती. मग मी तळहातावर नारळ धरून पाणी बघणारा पाणाड्या आणला. त्याचा नारळ बरोबर मागच्या दाराशी उभा राहिला. आमचे शेजारी गडग्यापाशी उभे राहून बघत होते.

बोअर कोरडी गेली. नुसता धुरळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यावरून त्यांच्या विहिरीचा पाईप आमच्या अंगणात आला. मी ओशाळून काहीतरी बोलू लागलो.

"आधी बादली लावा," ते म्हणाले. "मी उगाच इतकी वर्षं मंत्र्यांना शिव्या घातल्या."