सरकवलेल्या टिकल्या

“तीन बोर्ड! तिन्हीच्या तिन्ही मेले! डोळे झाकून काम करून राह्यली का तू?”

मालक दिनूभाऊ प्रज्ञावर ओरडत होते. चाळीस मशीनींचे पंखे गरगरत होते, तरी त्यांचा आवाज वर. आणि मी? मी मान खाली घालून स्क्रू निवडत होतो. हे आजवर कुणाला बोललो नाही — बायकोलाही नाही. आणि मी असा, की माझं पोट दुखलं तरी बसस्टँडपर्यंत बातमी जाते!

चंद्रपूर-मूल रस्त्यावरच्या बंद राईस मिलमध्ये दिनूभाऊंनी बिटकॉइन काढायच्या मशीनी लावल्या होत्या. खाण नाही, कोळसा नाही — मशीन नुसती गणितं सोडवते आणि भट्टीसारखी तापते. बिघडली की मी. माझं नाव घेतलं की वडसा ते सिरोंचा बंद मिक्सर आपोआप फिरतात; ताडोब्याचा वाघ पंखा घेऊन आला असता, तर त्यालाही रांगेत बसवला असता. पण खरं सांगू? या मशीनींपुढे माझी विद्या एवढीच — वास घ्यायचा, टिचकी मारायची, ‘बोर्ड गेला, नवा मागवा’ म्हणायचं.

मग कुरखेड्याची प्रज्ञा आली. आयटीआय झालेली, हळू बोलणारी. धाकट्या बहिणीचं नर्सिंग तिच्याच पगारावर चालायचं — हे मला माहीत होतं. आधीपासून माहीत होतं.

बोर्डावर चिपा ओळीनं असतात, लायटिंगच्या माळेसारख्या. एक मेली की पुढच्या सगळ्या गप्प. प्रज्ञा टेस्टर लावून ओळ कुठं तुटली ते पाहायची आणि मेलेल्या चिपेला आपल्या पाकिटातली लाल टिकली चिकटवायची. नंतर टिकली दिसेल ती चिप काढायची, नवी लावायची. पुन्हा तपासायची नाही — आपल्याच टिकलीवर कोण संशय घेतं? मी मेले म्हणून सांगितलेले सतरा बोर्ड तिनं जिवंत केले. सतरा… बरं, नऊ.

तेही गिळलं असतं. पण एका दुपारी दिनूभाऊंनी कूलरचं तोंड तिच्या टेबलाकडे वळवलं. चंद्रपूरच्या मे महिन्यात! तिची ओढणी उडत होती आणि माझ्या पाठीवरून घाम — ती हवा माझी होती हो. एका कूलरपायी माणूस किती खाली जातो?

ती डबा खायला गेली. टिकल्या लावलेले तीन बोर्ड टेबलावर होते. मी नखानं पहिली टिकली उचलली — शेजारच्या, पुढच्या चिपेवर लावली. मग दुसऱ्या बोर्डावर. मग तिसऱ्यावर. बस. तंबाखूचा खर्रा घोटायला याहून जास्त वेळ लागतो.

तिनं तीन चांगल्या चिपा उपटल्या. नागपूरहून आलेल्या शेवटच्या तीन नव्या तिथं लावल्या. बोर्ड मेलेलेच. दिनूभाऊंनी तिला संध्याकाळपर्यंतही थांबू दिलं नाही. कूलर परत माझ्याकडे वळला. गारेगार.

जाण्याआधी तिनं तिन्ही बोर्ड टेस्टरवर लावून पाहिले. मी जवळ गेलो — नाटक्या तर जन्माचा — आणि विचारलं, असं कसं झालं वो बाई?

तिनं मल्टिमीटर पिशवीत टाकला. बोर्ड माझ्यापुढे सरकवले.

“टिकल्या एक-एक घर मागं घ्या, भाऊ. तिन्ही चालू होतेत.”