सासूबाईंचं एकमेव बंगाली वाक्य

१३ जानेवारी, सोमवार. तीळ भाजून परातीत पसरले होते. ते गार झाल्याशिवाय कूट करता येत नाही. इथल्या, कोलकात्याच्या, खजुराच्या गुळाचा पाक मला कधी जमला नाही, त्यामुळे चिक्कीचा गूळ पुण्याहून आणलेला, तोही किसून तयार होता. दीड वाजला होता. दोन वाजता सासूबाईंच्या डोळ्यात थेंब टाकायचे होते. मध्ये अर्धा तास रिकामा, म्हणून मी लॅपटॉप उघडला.

मी एक खेळ खेळते. एकवीस वर्षं झाली. नवऱ्याच्या बँकेने आम्हाला कोलकात्याला पाठवलं त्या वर्षी सुरू केला. त्यात चित्र नाही, आवाज नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजी वाक्यं येतात: समोर लाकडी दार आहे, आत कुणीतरी खोकतंय. मग आपण टाइप करायचं, दार ढकल. जगभरातली माणसं तिथे असतात. मी त्यांच्यातली वैदू आहे. लढाईत कुणी जखमी झालं की मी एक ओळ टाइप करते आणि जखम भरते.

पोटापाण्यासाठी मी औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं मराठीत करते, तीही घरी बसून, त्याच लॅपटॉपवर. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. सासूबाई बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "एवढं काय टाइप करत असतेस गं?" मी म्हटलं, "काम." तेव्हा खेळत होते. पुढे ते दुरुस्त करायची वेळ आलीच नाही, किंवा मी आणली नाही.

तेव्हापासून खटखट ऐकू आली की त्या टीव्हीचा आवाज बंद करतात आणि मालिका नुसती बघतात. कुकर माझ्या आधी उठून लावून टाकतात. बंगाली त्यांना आलं नाही, पण एक वाक्य त्यांनी मोलकरणीकडून घोकून घेतलं. दारावर कुणी आलं की त्या हळू आवाजात म्हणतात, "बोउमा काज कोरछे, पोरे आशबेन." सून काम करतेय, नंतर या. मी ते आतून ऐकत असे आणि दार ढकलत असे, पडद्यावरचं.

मला वाटायचं, मी सगळं नीट सांभाळते. भाजी कधी करपली नाही, पत्रकं कधी उशिरा गेली नाहीत, मुलीच्या शाळेची एकही सभा चुकवली नाही. खेळ उरलेल्या वेळात. तो वेळ उरत कसा होता, हे मी पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी आमच्या गटाने एका किल्ल्यावर चढाई ठरवलेली. आम्ही सहा जण आत शिरलो आणि दारं बंद झाली. दोन वाजता आतून आवाज आला, "अगं, थेंबांची वेळ झाली का?"

"पाच मिनिटं हं, आई."

"असू दे, असू दे. तुझं आटप."

मी उठले असते तर ते पाच जण मेले असते. म्हणजे काय, तर त्यांना दोन-तीन दिवसांचा खेळ परत खेळावा लागला असता. एवढंच.

किल्ला पडला तेव्हा सव्वातीन वाजले होते. आत गेले तर सासूबाई भिंतीला डोकं टेकून बसलेल्या, मान वर, गाल ओला. बाटलीचं झाकण जमिनीवर. पाच दिवसांपूर्वी मोतीबिंदू काढलेला डोळा लालभडक.

"टाकले मी," त्या म्हणाल्या. "दोनदा गालावर गेले. तिसऱ्यांदा टोक जरा लागलं."

"हाक का नाही मारलीत?"

"खटखट चालू होती ना तुझी. शेजारच्या मासीमापण येऊन गेल्या, त्यांनाही नंतर या म्हटलं."

मासीमांनी थेंब सहज टाकले असते. त्यांना दारातूनच परत पाठवलं गेलं होतं.

'बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नये.' हे वाक्य मी आजवर किती वेळा मराठीत केलं असेल.

टॅक्सी करून डॉक्टरांकडे गेलो. डोळ्यावर दिवा धरून ते बघत होते, आणि मी त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. ओरखडा वरवरचा होता. वेगळे थेंब दिले, तीन दिवसांनी बोलावलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "दवा किसने डाली?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "मैंनेच डाली. जिद की मैंने. बहू काम में थी, उसका दोष नहीं."

मी ते खोडून काढलं नाही. टॅक्सीतही. घरी येऊन लाडू वळले, नवऱ्याला डोळ्याचं सांगितलं. टोक कसं लागलं ते सांगितलं, का लागलं ते नाही.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, आठ वाजता हात धुऊन त्यांच्या डोळ्यात थेंब टाकले. डोळा मिटलेला असतानाच सांगितलं. उघडा असता तर जमलं नसतं.

"आई, काल मी काम करत नव्हते. खेळत होते. बरेचदा खेळतच असते."

"पत्ते?"

"तसंच काहीतरी. लिहून खेळतात."

"केव्हापासून?"

"तुम्ही यायच्या आधीपासून."

त्या म्हणाल्या, "म्हणजे बारा वर्षं मी मुक्या मालिका बघितल्या, त्या खेळापायी?"

"हो."

"आणि मासीमांना आता काय सांगू? खेळतेय, हे बंगालीत कसं म्हणतात मला माहीत नाही."

"खेलछे," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. पदराने गाल पुसून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी लॅपटॉप उघडून गटाला चार ओळी लिहिल्या: दुपारी एक ते पाच मी नसेन, दुसरा वैदू बघा. खेळ सोडतेय असं लिहिलं नाही, कारण ते खोटं ठरलं असतं. दहाच्या सुमारास बेल वाजली. सासूबाई सवयीने उठू लागल्या. "तुम्ही पडा," म्हटलं, आणि मी जाऊन मासीमांना दार उघडलं.